सदक्याची कोंबडी

मैलूरच्या मस्जिदीमागच्या गल्लीत कुणाचं पोर तापानं फणफणलं, कुणाचा मुलगा सौदीला निघाला, कुणी दारात नवी गाडी आणून उभी केली, की त्या घरातली मोठी बाई आधी एकच वाक्य बोलायची, "दावलबीला बोलवा."

बाकीची धावपळ त्यानंतर.

दावलबी यायची. दारातून आत जायची नाही. उंबऱ्याच्या अलीकडे पदर पसरून उभी राहायची. आतून ताट यायचं. ताटात अंडी, वाटीभर गोडं तेल, उडीद, खडेमीठ, आणि घर सधन असलं तर पाय बांधलेली काळी कोंबडी. ज्याच्यावरची बला टाळायची त्याच्या डोक्यावरून ते सगळं उतरवलं जायचं आणि दावलबीच्या पदरात पडायचं. "जा आता. मागं वळून बघू नको." दावलबी मागं न बघता चालू लागायची. घरातली बाई मोठा श्वास सोडायची. सदका उतरला.

सदका म्हणजे अल्लाहच्या नावानं गरिबाला दिलेलं दान, हे त्या घरांतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण गल्लीला नुसतं दान देऊन चैन पडत नसे. आपल्या घरातली बला कुणीतरी उचलून घराबाहेर नेली, हे डोळ्यांनी दिसावं लागे. ते नेणारी बाई म्हणजे दावलबी.

हे काम तिनं मागून घेतलेलं नव्हतं. तिचा नवरा लाडलेसाब धान्याच्या गंजात हमाली करायचा. छातीचं दुखणं होऊन तो गेला तेव्हा पोरगा मशाक अंगावर पीत होता. वकिलांच्या घरी गहू निवडायला म्हणून दावलबी गेली, तर तिथं सून अडलेली आणि घरात रडारड. कुणीतरी घाईघाईनं ताट तिच्या पदरात ओतलं. तिनं फक्त अंडी पाहिली. घरी येऊन ती उकडली, खाल्ली, पोराला दूध पाजलं आणि झोपली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर बायका तिच्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या, तेव्हा तिला कळलं की तिनं वकिलाच्या सुनेची बला खाल्ली. तिनं पोटावर हात ठेवून पाहिला. पोट बरं होतं. उलट किती दिवसांनी रात्रभर झोप लागली होती.

मग ती रीतच पडली. मशाक त्या अंड्यांवर वाढला. घरात तेलाचा एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात घराघरांतलं तेल एकत्र व्हायचं. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाची कोर्टातली तारीख, सगळं एका फोडणीत. दावलबी त्यावरून विनोदही करायची. "आज वांग्याला तहसीलदाराच्या बदलीचं तेल घातलंय," असं ती शेजारच्या नागव्वाला सांगायची.

नागव्वा लिंगायत, विधवा, कडक ज्वारीच्या भाकरी करून विकणारी. दोघींच्या अंगणांत एकच भिंत. ती म्हणायची, "आमच्यात लिंबू चौकात टाकत्यात. कोन वलांडंल त्याच्या नशिबाला. तुमच्यात नाव घेऊन बोलवून देत्यात. तेवढी इज्जत तरी हाय की."

इज्जत तेवढीच होती. लग्नात दावलबीला भांडी घासायला बोलवत, पण नवरीला मेंदी लागत असताना ती त्या खोलीत गेली की कुणीतरी तिला हळूच दुसरं काम सांगे. बाळंतिणीच्या घरी ती कपडे धुवायची, बाळ मात्र तिच्या हातात कुणी दिलं नाही. दावलबीनं याचा कधी राग केला नाही. ज्या हातानं केर काढायचा त्या हातानं लोणचं काढायचं नसतं, असं ती स्वतःच समजूत घालून घ्यायची.

भीती तिच्या घरात आली ती सुनेबरोबर.

नाजमीन हुमनाबादची. दिसायला काडीसारखी, बोलायला फटकळ, मनानं सरळ. मशाक रिंग रोडवर टायरच्या दुकानात कामाला होता, त्याला अशीच बायको हवी होती. पहिल्या वर्षी तिला दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, पालेभाजी, अंडी, मटण खा म्हणाल्या. नाजमीनच्या आईनं मात्र फोनवर वेगळं निदान केलं. मोबाइलचा आवाज मोठा होता आणि दावलबी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती.

"त्या घरातलं तेल तोंडाला लावू नको. अख्ख्या मैलूरची बला त्या डब्यात हाय. दोन गेले, आता तिसऱ्याला तरी वाचव."

नाजमीननं फोन ठेवला. त्या दिवसापासून तिनं घरातलं जेवण सोडलं. चहा-बिस्कीट, नागव्वाकडची भाकरी आणि विकतची चटणी, बस. दावलबीनं डबा फेकून दिला, नवं तेल आणलं. नाजमीन म्हणाली, "भांडी तीच हायत की." दावलबीनं भांडी राखेनं घासून, उन्हात ठेवून, पुन्हा घासली. नाजमीन म्हणाली, "अम्मी, तुम्ही कामून हात दुखवून घ्यायलाव? मला खाववतच न्हाई. घास गिळला की वाटतंय, ह्यात कुनाचं तरी काय तरी हाय."

दावलबीनं सदका उचलणं बंद केलं. कुणी बोलवलं तर गुडघे दुखायलेत म्हणायची. पण मनात हिशेब थांबेना. पहिल्या वेळी डॉक्टरीणबाईंच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचं ताट आणलं होतं. दुसऱ्या वेळी इंजिनिअरच्या नव्या गाडीचं. गाडीला काय बला असणार, म्हणून ती तेव्हा निर्धास्त होती. आता ती गाडी गल्लीतून गेली की ती दार लोटून घ्यायची. इतकी वर्षं आपल्याला काही झालं नाही म्हणजे ते गेलं कुठं? आपण खाल्लं, आपल्याला लागलं नाही, मग सुनेच्या पोटात जाऊन बसलं का? हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नाही. मशाकलाही नाही. त्यानं विचार करायला सुरुवात केली तर?

तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि या वेळी टिकले. सहावा महिना लागला. पण पोट पुढं येत होतं आणि बाकीची नाजमीन मागं जात होती. गालफडं बसली. उठताना डोळ्यापुढं अंधारी यायची. शेवटी ती म्हणाली, "भाईला बोलवलंय. उद्या दुपारी येतोय. मी जाते."

"सातव्या म्हैन्यात, सतवाशाला न्यायचं आसतंय माहेरी. आत्ताच कामून?" दावलबी म्हणाली.

"तवापर्यंत राहिलं तर!"

"आन् परत कवा येशील?"

नाजमीननं पिशवीत कपडे कोंबत उत्तर दिलं, "ते ह्यांना विचारा. ह्यांना तिकडंच दुकान बघा म्हनलंय."

म्हणजे मशाकही जाणार होता. दावलबी अंगणात जाऊन उगीच झाडू मारू लागली. भिंतीवरून नागव्वा म्हणाली, "आगं, सकाळी मारलीस की झाडू. आता काय जिमीन सोलायलीस?"

त्याच दुपारी हाजिनचा निरोप आला.

हाजिन कुलसुमबी म्हणजे गल्लीतलं मोठं घर. दोन मुलं सौदीला, मक्केला जाऊन आलेली, दारात जाळीचं फाटक. रमजानमध्ये जकातीच्या, म्हणजे दानाच्या, साड्या तिच्याच घरातून वाटल्या जात. त्या साड्या इतक्या विरळ असत की त्यांतून गव्हाचं पीठ चाळता यावं. पण बाई वाईट नव्हती. लाडलेसाब गेला तेव्हा कफनाचं कापड तिनंच दिलं होतं. तिचा नातू उमेर डेंगूनं दवाखान्यात होता.

दावलबी फाटकाशी गेली ती नाही म्हणायलाच. हाजिन ताट घेऊन बाहेर आली. पोर दवाखान्यात म्हणून तिनं आधी कोंबडी, मग ताट त्याच्या शाळेच्या शर्टावरून उतरवलं होतं. पायरीवर पाय बांधलेली काळी कोंबडी पडली होती, चोच उघडी.

"पसर पदर."

दावलबीनं पदर खांद्याभोवती घट्ट ओढला.

"कानात बोळे घातल्यात काय? पसर म्हनलं. पोराच्या प्लेटलेट उतरायल्यात."

"हाजिन, मी सोडलंय आता हे. दर्ग्यापुढं फकीर बसत्यात, त्येंना द्या की."

"या घराचा समदा सदका तुझ्या हातानं गेलाय. माझ्या धाकट्याचा आपघात झाला तवा कोन आलं हुतं? तूच की. त्यो वाचला न्हाई का? आता उमेरच्या टायमाला तुला नखरे सुचायलेत?"

"माझी सून पोटुशी हाय."

हाजिन थांबली. तिला कळलं. पण कळलं तरी तिच्या हातात ताट होतं आणि दवाखान्यात पोर होतं. ती म्हणाली, "म्हंजे माझ्या नातवाला मरू दिऊ व्हय?"

दावलबी पाठ फिरवून निघाली. त्या दारातून येताना मागं बघायचं नसतं अशी तिला सवय होती. त्या दिवशी तिनं वळून पाहिलं. हाजिन ताट धरून तशीच उभी होती, आणि ताटातली अंडी एकमेकांवर आपटून बारीक वाजत होती.

घरी जायचं सोडून तिचे पाय मस्जिदीच्या मागच्या खोलीकडे वळले. तिथं पेशइमामांची बायको सफुरा आपा मुलींना कुराण शिकवायची. तिशीतली, कलबुर्गीची, मदरशात शिकून आलिमा झालेली. मुली घरी गेल्या होत्या. आपा सतरंज्या झटकत होती.

दावलबीनं दारातूनच विचारलं, "आपा, येका घरची बला सदक्यातनं दुसऱ्या घरी जातीया का?"

आपानं सतरंजी खाली ठेवली. ती दावलबीला मावशी या अर्थानं खाला म्हणायची. "आत ये आधी. बस. कोण म्हणालं असं?"

"समदेच म्हनत्यात."

"सगळे म्हणतात तो दीन, म्हणजे धर्म, नसतो, खाला. सदका बला टाळतो, हे खरं. पण टाळणारा अल्लाह आहे. तो एकाच्या दारातली बला उचलून गरिबाच्या चुलीवर नेऊन ठेवतो, असं कुठंच सांगितलेलं नाही. डोक्यावरून उतरवणं नाही, काळीच कोंबडी नाही, मागं बघू नको हेही नाही. द्यायचं, चांगल्या मनानं द्यायचं, घेणाऱ्याचा मान ठेवून द्यायचं, एवढंच. बाकीची आपली रीत आहे. आपणच घातलेली."

दावलबी ऐकत राहिली. तिला वाटलं होतं, असं काही कुणी म्हणालं तर छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. त्याच्या जागी दुसराच वर चढला.

"मग मला इतकी वर्सं दाराबाहेर कामून हुबं केलं?"

आपा सतरंजीची घडी घालू लागली आणि म्हणाली, "माझ्या निकाहाच्या दिवशी माझ्या आईनं माझ्यावरून अंडी उतरवली. मी शिकलेली होते. मला सगळं माहीत होतं. तरी गप्प बसले. ती घेऊन जाणारी बाई कोण होती, ते मी पाहिलंसुद्धा नाही."

मग तिनं एक गोष्ट सांगितली. हुजूर, म्हणजे पैगंबर, स्वतः सदक्याचं अन्न कधी घेत नसत. एकदा घरात चुलीवर मांस शिजत होतं, पण त्यांच्यापुढं नुसती भाकरी आली. त्यांनी विचारलं, तेव्हा घरच्यांनी सांगितलं की हे मांस आधी गुलाम असलेल्या एका बाईला सदक्यात मिळालेलं आहे, तिनं ते आपल्या घरी दिलंय. तेव्हा ते म्हणाले, तिला मिळालं तेव्हा तो सदका होता. तिनं आपल्याला दिला तेव्हा ती भेट झाली.

"म्हणजे कळलं का खाला? तुझ्या हातात पडलं की ते तुझं झालं. त्यात मागचं काही उरत नाही. तू कुणालाही दे, ती तुझी भेट."

दावलबीनं घरी येऊन हे सगळं नाजमीनला जसंच्या तसं सांगितलं. नाजमीननं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "आपाला तीन लेकरं हायत. तिला सांगायला काय जातंय?"

रात्रभर दावलबी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. आपाचं बोलणं खरं होतं, हे तिला पटलं होतं. पण पटणं आणि भीती जाणं या एका घरात राहणाऱ्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा असाव्यात तशा होत्या.

सकाळी हाजिन स्वतः आली. चालत. हातात पिशवी, पिशवीतून काळी शेपटी बाहेर. ती या घरात कधी आली नव्हती. गल्लीतल्या दोन-तीन दारांचे पडदे हलले. नागव्वा भिंतीवर हनुवटी टेकवून उभी राहिली.

"दावलबी, मी तुझ्या दारात आलेय," हाजिन म्हणाली. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते. "आयसीयूत संध्याकाळशिवाय सोडंना झालेत. घरात बसवंना. हे घे, माझ्या बाई. न्हाई म्हनू नको."

आतल्या दाराचा पडदा नाजमीननं मुठीत धरला होता. "ती कोंबडी घरात आली तर भाईची वाट न बघता मी आत्ताच स्टँडवर जाते," ती म्हणाली.

एका बाजूला ही, एका बाजूला ती. दावलबीनं विचार न करता चटई झटकली आणि अंथरली.

"बसा, हाजिन."

हाजिन संकोचून टेकली.

"ही कोंबडी मी घेतली, तर कुनाची झाली?"

"तुझीच की."

"माझी झाली म्हंजे मी तिचं काय बी करीन?"

"कर बाई काय बी. घे फक्त."

दावलबीनं पिशवी हातात घेतली. पडद्यामागून एक हुंदका आला. दावलबी म्हणाली, "मग आसं हाय. मी ही शिजविते. आन् तुम्ही इथं बसून माझ्याबरोबर जेवायचं. तुम्ही मला दिला तो सदका. मी तुमाला वाढते ती दावत."

हाजिननं पिशवीकडे पाहिलं. "आगं, माझ्याच पोराचा सदका..."

"आता माझी कोंबडी हाय. तुम्हीच म्हनलाव."

नागव्वा भिंतीवरून म्हणाली, "हाजिनबाई, फसलाव तुम्ही. मी त्या कोंबडीला शिवत न्हाई, पर भाकरी माझ्याकडच्या घ्या. ऊन हायत." आणि कुणी हसलं नाही तरी ती भाकरी आणायला गेली.

कोपऱ्यावरच्या चिकनवाल्यानं कोंबडी हलाल करून, साफ करून दिली. दावलबीनं कांदा भाजला, खोबरं भाजलं, मसाला वाटला. वरवंटा फिरवताना तिचे हात नेहमीसारखे चालत होते, पण कान दोन्हीकडे होते. नाजमीन निघून जाते का, हाजिन उठते का. दोघीही जागच्या हलल्या नाहीत. हाजिन तसबीहचे मणी ओढत होती आणि मधूनच फोनकडे बघत होती. नाजमीन पडद्याआड पिशवीवर बसून होती. तिला जायचं तर आहे, पण हाजिन खाते का ते बघायचंही आहे, हे दावलबीला पाठीमागूनही कळत होतं.

रस्सा उकळला. घरभर वास सुटला. दावलबीनं ताट वाढलं आणि हाजिनपुढं ठेवलं.

हाजिननं हात धुतले. बिस्मिल्लाह म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, आणि तो तोंडाजवळ नेता नेता हात थांबला. तुकड्यावरून रस्सा ठिबकून चटईवर पडला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग तुकडा ताटात ठेवून दिला.

"मला जमंना गं," ती म्हणाली. "आपा काय शिकवत्यात त्ये मला ठाऊक न्हाई व्हय? हज करून आलेय मी. दीन समदा डोक्यात हाय. पर हात वर जाईना. मला वाटतंय मी उमेरलाच खायलेय."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दावलबीला वाटलं होतं, हा क्षण आला की आत कुठंतरी थंड वाटेल. इतक्या वर्षांचं काहीतरी फिटेल. तसलं काही झालं नाही. समोर एक म्हातारी बाई बसली होती, जिचं नातवंड काचेपलीकडे होतं, आणि आपण तिला घास गिळायला लावत होतो. दावलबी ताट उचलायला वाकली.

"राहू द्या, अम्मी."

नाजमीन पडदा सारून बाहेर आली होती. तिचा चेहरा लाल होता.

"म्हंजे ठाऊक होतं तुमाला," ती हाजिनला म्हणाली. "तुमाला येक घास खाववंना. आन् आमच्या अम्मीला पदरात घालून जा म्हनताना कसं काय वाटलं न्हाई? ते बी पोटात लेकरू आसलेल्या घरात?"

"आगं, रीत हाय ती..." हाजिन पुटपुटली.

"रीत हाय म्हनून अम्मी दाराबाहेर, आन् तुम्ही आत. आन् खरंच बला आसती तर ह्यांनी तुमच्या अंड्याबिगर दुसरं काय खाल्लंय ल्हानपनी? हे टायर उचलत्यात येका हातानं." बोलता बोलता ती थांबली. जणू स्वतःचंच वाक्य तिच्या कानावर पडलं होतं.

हाजिननं पदरानं तोंड पुसलं. उठताना तिनं गुडघ्यावर हात दिला आणि दावलबीकडे न बघता म्हणाली, "येखादा डबा हाय का? घाल त्यात. दवाखान्यात न्हेते."

दावलबीनं स्टीलचा डबा भरला, झाकण घट्ट लावलं. हाजिन तो डबा दोन्ही हातांत धरून गल्लीतून गेली. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून खाईल, की पहिल्या नालीत ओतील, हे सांगता आलं नसतं. दावलबीनं तिच्या पाठीकडे बघत मनात दुआ केली, आणि दुआ डब्यासाठी नव्हती, पोरासाठी होती.

ती आत वळली तर नाजमीन हाजिनच्या ताटापुढं बसली होती.

"अगं, ते उष्टं..."

"हात लावलाय फक्त. टाकून कामून द्यायचं?" नाजमीन म्हणाली. तिनं तोच बुडवलेला तुकडा उचलला, डोळे मिटले आणि तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा मोडला. मग ती खाऊ लागली, आणि ते खाणं रागाचं नव्हतं, उपाशी माणसाचं होतं. कितीक दिवसांचं. हाडं चोखत होती, भाकरी चुरत होती, रश्शानं मनगटापर्यंत हात भरला होता.

दावलबी चुलीपाशी बसून बघत होती. हेच तिला हवं होतं. यासाठीच तिनं सगळं केलं होतं. आणि नाजमीनच्या प्रत्येक घासाला ती मनात पुन्हा तोच हिशेब करत होती. शर्टावरून उतरवलेली कोंबडी. आयसीयूतलं पोर. आपा म्हणाली, मागचं काही उरत नाही. नाहीच उरत. पण आपा चुकली असली तर? इतके दिवस टिकलंय, आणि आज मी माझ्या हातानं... तिला वाटलं, ताट ओढून घ्यावं. पुरे म्हणावं. तिनं मांडीखाली हात दाबून धरले.

पिशवीवर पडलेला फोन वाजू लागला. नाजमीननं भरलेला हात वर केला. "अम्मी, बघा की. भाई आसंल."

दावलबीनं फोन उचलला. पलीकडून नाजमीनचा भाऊ मोठ्यानं विचारत होता, निघू का, बस लागलीय.

"काय सांगू?" दावलबीनं विचारलं.

नाजमीन तोंडातला घास संपेपर्यंत थांबली. "सतवाशाला या म्हनावं. ओटी-बिटी घेऊन, चार मानसात. आसं चोरावानी न्यायचं न्हाई म्हनावं." आणि ताट पुढं सरकवलं. "आनखी वाढा."

दावलबीनं तसं फोनवर सांगितलं. आवाज नीट राहिला. फोन ठेवून तिनं पातेल्याचं झाकण काढलं. वाफ तोंडावर आली. तळाशी तंगडीचा तुकडा होता. तो वर काढताना पळी पातेल्याला लागून खडखडली. "बिस्मिल्लाह," ती म्हणाली, आणि सुनेच्या ताटात वाढलं.